सोलापूरचे डॉक्टर, चीनचे जखमी



लातूरहून औसा, तुळजापूर करीत एस.टी. सोलापूरला पोचते. सोलापूर म्हटलं की तुम्हांला चादरी आठवतील, शेंगांची चटणी आठवेल. चीनमधल्या लोकांनी मात्र सोलापूरच्या एका डॉक्टरची आठवण जपली आहे. त्यांचं नाव द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

१० ऑक्टोबर १९१० ला ते सोलापुरात जन्मले. मुंबईत शिकून डॉक्टर झाले. १९३७ मध्ये जपानने चीनवर मोठा हल्ला केला. जखमींचे ढीग लागले, पण डॉक्टर होते कुठे? चीनने भारताकडे मदत मागितली. आपला देश तेव्हा स्वतःच पारतंत्र्यात होता बरं का! तरी १९३८ मध्ये काँग्रेसने ५ डॉक्टरांचं पथक पाठवलं. काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. पथकात कोटणीस होते, नागपूरचे डॉ. चोळकरही होते.

चीनमध्ये असतानाच कोटणीसांना वडील वारल्याची बातमी कळली. घरी परतले असते, तर कुणी नाव ठेवलं नसतं. पण ते थांबले. पुढे एकेक करून सोबतीही मायदेशी परतले, तरी ते थांबलेच. ते चिनी भाषा शिकले. बोलू लागले, लिहू लागले. १९४० च्या एका मोठ्या लढाईत तर त्यांनी सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्या. तीन दिवस, तीन रात्री! पुढे एका मोठ्या रुग्णालयाची जबाबदारी त्यांच्यावर आली. त्यांनी क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ. 'यिन' म्हणजे भारत अन् 'हुआ' म्हणजे चीन.

पण अतिश्रमाने शरीर खचलं होतं. फिट्स येऊ लागल्या. ९ डिसेंबर १९४२ ला ते गेले. वय अवघं ३२, अन् बाळ साडेतीन महिन्यांचं. १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर चित्रपट काढला.

ज्यांचा मुलूख वेगळा, भाषा वेगळी, त्यांच्यासाठी एवढं कशाला करायचं, असं वाटतं ना? मग घरातल्या मोठ्यांना ३० सप्टेंबर १९९३ विचारा. त्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. तेव्हा कुठून कुठून डॉक्टर धावून आले! आपली अन् त्यांची ओळख ना पाळख.

लमाणी, तेलुगू किंवा कन्नड बोलणारं एखादं नवं पोर तुमच्या वर्गात एकटंच बसत असेल. उद्या त्याच्या भाषेतले दोन शब्द शिका अन् त्याच्या शेजारी जाऊन बसा. बसाल ना?