गारवा विकत कशाला घ्यायचा?

'माळशिरसच्या माळावर एसीशिवाय ध्यानकेंद्र बांधा' असा प्रोजेक्ट मिळाला, तर आपण आधी नेटवर राजस्थान नि इराण शोधू. पण उत्तर इथल्याच जुन्या गावठाणात उभं आहे: धाब्याचं घर!

दीड-दोन फुटी दगडमातीच्या भिंती, वर लाकडी तुळया आणि पांढऱ्या मातीचा जाड थर. दुपारचं ऊन ही जाडी पार करेपर्यंत रात्र होते, तोवर बाहेरची हवा गार झालेली असते. आपल्या होस्टेलचा 4-5 इंची स्लॅब मात्र दुपारी तापतो आणि रात्री आपल्यालाच भाजतो.

इ.स.पू. 2 ऱ्या शतकापासून कोरलेली अजिंठ्याची लेणी घ्या. तिथल्या विहारांना अख्ख्या डोंगराची जाडी लाभली. ध्यानाला गारव्याइतकीच शांतता लागते. कॉम्प्रेसरच्या घरघरीत कसलं ध्यान?

धाब्यावर पावसाळ्याआधी माती टाकावी लागते, नाहीतर ते गळतं, हे मान्य. पण जाड भिंती, पश्चिमेला कमी खिडक्या, पुढे ओसरी, रात्री उघडायचे झरोके आणि गच्चीला पांढरा चुना, एवढं तर आरसीसीतही जमतं ना?

तेव्हा सिव्हिलवाल्यांनो, होस्टेलपासून सुरुवात करा. चुना लावा, पण गच्चीला! तीही अर्धीच. दोन्ही भागांखालच्या खोल्यांत एप्रिलभर थर्मामीटर ठेवा, आकडे नोटीस बोर्डावर लावा. एसीचा अर्ज त्यानंतर करू.