पोळीच बाधते तेव्हा

माझ्या भाचीची उंची दोन वर्षे वाढेना, पोट मात्र फुगलेले. आम्ही जंतांचे औषध देत राहिलो. तिच्या आईचा रक्तक्षय लोहाच्या गोळ्यांनीही हटेना. अखेर दोघींचे दुखणे एकच निघाले: सिलिॲक. गहू आणि जवातील ग्लुटेनमुळे अशांच्या लहान आतड्याचे अस्तर झिजते. खाल्लेले अंगी लागत नाही. डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांनी १९५० मध्येच गव्हाकडे बोट दाखवले होते. मुलांत जुलाब, चिडचिड, खुंटलेली वाढ दिसते. मोठ्यांत जुलाब नसतातही, नुसता थकवा, तोंड येणे, ठिसूळ हाडे. शंका आली तर डॉक्टरांकडून रक्ततपासणी करून घ्या. पण तोवर पोळी सोडू नका, निदान हुकते. आमच्या पानात आता ज्वारीची भाकरी आहे. यंदा भाचीच्या फ्रॉकची दुमड उसवावी लागली.