सुतक किती दिवसांचं?

गर्भ गेल्यावर किती दिवस पाळायचे, हा प्रश्न आजही गुरुजींना फोनवरून विचारला जातो. विचारणारी बहुधा सासू असते. आवाज दबका असतो, आणि जिच्याबद्दल विचारायचं ती आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली असते. शास्त्राचं उत्तर तयार आहे. मनुस्मृती म्हणते, जितके महिने तितक्या रात्री. पंढरपूरच्या काशिनाथ उपाध्यायांनी १७९० मध्ये रचलेल्या ‘धर्मसिंधू’त हिशेब आणखी बारीक होतो. चौथ्या महिन्यापर्यंत तो ‘स्राव’, पाचव्या-सहाव्यात ‘पात’, त्यापुढे प्रसूतीच. स्राव असेल तर आईला तीन-चार दिवस. बापाला नुसती आंघोळ.

या आंघोळीवर हसण्याआधी आपला कायदा पाहावा. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने गर्भपात झालेल्या कामकरी स्त्रीला सहा आठवड्यांची पगारी रजा दिली, आणि त्यातून दुखणं मागे लागलं तर आणखी महिनाभर. तरतूद चांगलीच आहे. पण रजा घ्यायची तर कागद दाखवावा लागतो, आणि मग ऑफिसभर कळतं. म्हणून कित्येकजणी ‘व्हायरल’ सांगून चार दिवसांत कामावर हजर होतात. नवऱ्यासाठी त्या कायद्यात काहीच नाही, आंघोळसुद्धा नाही. न्यूझीलंडने २०२१ मध्ये अशा दुःखाची तीन दिवसांची पगारी रजा दिली, ती जोडीदारालाही.

सगळ्यात अवघड करून ठेवते ती आपली एक जुनी रीत. तीन महिने होईपर्यंत दिवस गेल्याचं कुणाला सांगायचं नाही, दृष्ट लागते. हेतू मायेचाच. पण बहुतेक गर्भ जातात ते याच तीन महिन्यांत. जे येणार असल्याचं कुणाला ठाऊक नव्हतं, ते गेल्याचं कुणाला सांगणार? घरात म्हातारं माणूस गेलं तर पंधरा दिवस दार बंद होत नाही, इथे समाचाराला कुणीच येत नाही. ‘लॅन्सेट’ने २०२१ मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे २ कोटी ३० लाख गर्भपात होतात. तरी प्रत्येक घराला वाटतं, हे आपल्याच दारात आलं.

मग शरीर सावरतं आणि मन आजारी पडतं. लंडन आणि बेल्जियममधल्या रुग्णालयांत झालेला, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास सांगतो की सुरुवातीच्या महिन्यांत गर्भ गमावलेल्या स्त्रियांपैकी २९ टक्के जणींमध्ये महिन्याभराने आघातोत्तर तणावाची लक्षणं होती. नऊ महिन्यांनीही १८ टक्के जणींमध्ये. नऊ महिने! म्हणजे मूल मांडीवर असतं त्या सुमाराला.

आपल्याकडच्या बायका हे आकडे न वाचताही काही गोष्टी जाणतात. पोट पडलेल्या मुलीला बाळंतिणीसारखंच जपायचं, अंगाला तेल, पाठीला शेक, अळिवाची खीर, डिंकाचे लाडू. आई माहेरी घेऊन जाते, थंड पाण्यात हात घालू देत नाही. बोलत मात्र कुणी नाही. ‘होईल गं पुढच्या वेळी’ एवढंच. त्या पोरीला पुढचं नको असतं, गेलेल्याबद्दल बोलायचं असतं. पण तोंडात लाडू असतो.

श्रद्धेचंही असंच आहे. हीच श्रद्धा ग्रहणात भाजी चिरलीस का, असं विचारते आणि पुढल्या डोहाळजेवणाला तिला बोलवायचं विसरते. सुरुवातीच्या गर्भपातांपैकी जवळपास निम्म्यांमागे गर्भाच्या गुणसूत्रांतला दोष असतो. त्याला ना विळी कारण, ना पपई. पण तीच श्रद्धा रात्री दोन वाजता, सगळं घर झोपल्यावर, ज्याच्यापाशी भांडता येतं असा एक विठोबाही देते. डॉक्टरशी असं भांडता येत नाही.

जपानने या दुःखाला जागा दिली. टोकियो टॉवरजवळच्या झोजोजी मंदिरात जिझो या बाळांच्या रक्षणकर्त्याच्या छोट्या दगडी मूर्ती रांगेने उभ्या आहेत. डोक्यावर लाल विणलेल्या टोप्या, शेजारी वाऱ्यावर फिरणारी भिरभिरी. न जन्मलेल्या मुलाला तिथे ‘मिझुको’ म्हणतात, पाण्यातलं बाळ. १९७० च्या दशकात हा विधी फोफावला तेव्हा काही देवळांनी ‘विधी केला नाहीत तर बाळ कोपेल’ अशी भीती घालून पैसेही कमावले, आणि त्यावर तिथे टीकाही झाली. भीती वगळली तरी टोपी उरते. आईने स्वतः विणून आणून घालायची टोपी.

आपल्याकडे २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे इतका लहान गर्भ पिवळ्या पिशवीत जातो. संसर्गाच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण ती पिशवी बंद होण्याआधी ‘काही करायचंय का तुम्हाला?’ असं नर्सने एकदा विचारलं, तर कुठलाच नियम मोडत नाही. घरच्यांनीही ती तारीख लक्षात ठेवावी, देवापुढे एक दिवा लावावा. त्याला पोथीची परवानगी लागत नाही.

आणि त्या आंघोळीवर मोकळा झालेला माणूस? दवाखान्याचं बिल त्यानेच भरलं, फाइल त्याच्याच हातात होती, आणि भेटेल तो त्याला सांगत होता, ‘तिच्याकडे लक्ष दे.’ सोमवारी तो कामावर जातो. डबा उघडतो तेव्हा पोळीभाजीशेजारी डिंकाचा एक लाडू असतो, तिच्यासाठी केलेल्यातलाच.