परत आलेला मेल आधी वाचा तर खरं!

आपल्या मलकापुरातली जिनिंग-प्रेसिंगवाल्यांची ऑफिसं पाहिली आहेत ना? काटापावत्या, कापसाचे नमुने आणि कोपऱ्यात धूळ खाणारा एक कॉम्प्युटर. अशाच एका ऑफिसातला तो कॉम्प्युटर म्हणजे चक्क त्यांचा स्वतःचा मेल सर्व्हर! (बसवणारा केव्हाच पुण्याला गेला, त्यामुळे विचारायचं कुणाला हा प्रश्नच नाही.) ऐन हंगामात रुईच्या गाठींचे भाव मुंबईच्या दलालाला पाठवले की मेल परत. मालक म्हणाले, "काऊन बावा, काल-परवापर्यंत तर जात होता!" ऑपरेटरने तोच मेल दहा वेळा पाठवला. आपल्या फायनल इयरच्या दोन महारथींनी तर सर्व्हर फॉरमॅट मारायचा सल्ला दिला. तिकडे दलालाने दुसरीकडून माल घेऊन टाकला.

परत आलेल्या मेलमध्ये कारण लिहिलेलं होतं. ते वाचलं मात्र कुणीच नव्हतं.

एसएमटीपीचे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहिले. त्यातले उत्तराचे आकडे आजही तेच आहेत. आकडा ४ ने सुरू झाला तर 'थोड्या वेळाने या', सर्व्हर आपणहून पुन्हा प्रयत्न करतो. ५ ने सुरू झाला तर 'येऊच नका'. मग दहा वेळा दार ठोठावून काय उपयोग? उलट संशय वाढतो. इथे आकडा होता ५५० आणि पुढे ५.७.२५, म्हणजे रिव्हर्स डीएनएस जुळत नाही.

रात्री उशिरा गेटवर येऊन 'मी अमुक रूमचा' म्हटलं तर वॉचमन रजिस्टर उघडतो. मेल घेणारा सर्व्हर तेच करतो. समोरच्या आयपीवरून नाव शोधतो, त्या नावावरून उलट आयपी शोधतो, दोन्ही जुळले पाहिजेत. यातला आयपीवरून नाव सांगणारा पीटीआर रेकॉर्ड डोमेनच्या मालकाच्या हातात नसतो. आयपी ज्याचा, म्हणजे इंटरनेट देणाऱ्या कंपनीचा, रेकॉर्डही त्याच्याच हातात. कंपनीला तीन दिवस फोन केले. उत्तर मिळालं, मोडेम बंद करून चालू करा!

आता कुणी म्हणेल, मोठ्या कंपन्यांनी छोट्यांना हाकलायला हे काढलंय. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी नियम कडक केले, हे खरं. रोज ५००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना जास्त अटी आहेत, पण पीटीआर आणि एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक तरी सगळ्यांनाच हवं. मला ही तपासणी चूक वाटत नाही. मूळ एसएमटीपीत कुणीही कुणाचंही नाव लावून मेल पाठवू शकतो, स्पॅम त्यातूनच वाढला. मला अन्याय वाटतो तो दुसराच: किल्ली ज्याच्याकडे आहे त्याला कुलूप कशाला आहे हेच माहीत नाही.

'सगळं जीमेलवर टाका' हा सल्ला सोपा आहे, पण मला पटत नाही. येणारा मेल आपल्याच सर्व्हरवर ठेवा, जाणारा मात्र एखाद्या रिले सेवेमार्फत ५८७ पोर्टवरून, पासवर्ड देऊन पाठवा. मग बाहेरच्या जगाला आयपी दिसतो तो रिलेचा. त्या ऑफिसात हेच करायचं ठरलं. मात्र एसपीएफ म्हणजे आमच्या नावाने कोण मेल पाठवू शकतो त्याची यादी, तिच्यात रिलेचं नाव घालायलाच हवं. नाही घातलं की पुन्हा नन्नाचा पाढा. आणि ऑफिसातल्या एखाद्या मशीनवर व्हायरस बसून तोच स्पॅम पाठवत असेल, तर आधी तो काढा. नाहीतर रिलेवालाही हाकलेल.

आपल्याला व्हायव्हाला सातही लेयर झोपेत विचारले तरी येतात. पण लॉग फाइल उघडून दाखवा म्हटलं की वर्गात शांतता! नेटवर्कच्या लॅबला माझी विनंती आहे, एक प्रॅक्टिकल याचं ठेवा. दोन जुने पीसी, एक स्विच, पोस्टफिक्स तर फुकट. बाहेर काही पाठवायचंच नाही, त्यामुळे स्टॅटिक आयपी विकत घ्यायची गरज नाही. एका पीसीला दुसऱ्याचा मेल नाकारायला लावायचा, आणि लॉगमधली ती ओळ कारणासकट जर्नलमध्ये उतरवायची.