कुत्र्याचे पथ्य

कुत्र्याच्या वाकड्या शेपटावर मराठीत म्हण आहे, तशी कन्नडमध्येही आहे. पुरंदरदासांनी तर एका पदात कुत्र्याच्या जेवणाची थट्टेने चौकशी केली आहे. पण कुत्रे आजारी पडले की त्याला काय घालावे, याची चौकशी आपण सहसा करीत नाही. बेळगाव-निपाणी भागात शिळी भाकरी, दूध, आमटीत कालवलेला भात आणि रविवारी मटणाची हाडे हा त्याचा ठरलेला आहार. निरोगी कुत्रे त्यावर दिवस काढते. मूत्रपिंड बिघडलेल्या कुत्र्याला मात्र यातले बरेचसे बाधते.

हल्ली अशा कुत्र्यांसाठी वेगळे अन्न पिशवीतून मिळते. ते महाग असते. म्हणून दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, महाग आहे म्हणजे चांगलेच असणार. दुसरा म्हणतो, कुत्र्याला कसले आले पथ्य! माझ्या मते दोघेही पहिला प्रश्नच विचारत नाहीत: रोग नेमका कोणता?

लघवीला कुंथणारी, रक्त पडणारी दोन कुत्री बाहेरून सारखीच दिसतात. एकाला स्ट्रुव्हाइटचा खडा असतो. तो बहुधा जंतुसंसर्गाने होतो आणि औषध व विशेष आहार यांनी विरघळू शकतो. दुसऱ्याला कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा असतो. तो कोणत्याही अन्नाने विरघळत नाही, काढावाच लागतो. पहिल्याचे अन्न लघवी आम्ल करते. तेच दुसऱ्याला अपाय करू शकते. मूत्रपिंड निकामी होऊ लागलेले कुत्रे तर तिसरेच. ते खूप पाणी पिते, वारंवार लघवी करते आणि वाळत जाते. त्याला फॉस्फरस व मीठ कमी आणि प्रथिने बेताची, पण उत्तम प्रतीची लागतात. म्हणून आधी रक्त-लघवीची तपासणी, मग आहार. आणि लघवी अजिबात होत नसेल, तर अन्नाचा विचार बाजूला ठेवून त्याच क्षणी दवाखाना गाठावा.

पथ्याने खरोखर फरक पडतो का? अमेरिकेत डॉ. मार्क मॉरिस या पशुवैद्याने एका अंध गृहस्थाच्या वाटाड्या कुत्र्यासाठी असे अन्न तयार केले. पुढे 1948 साली कॅन्ससमधील हिल कंपनीशी करार होऊन ते बाजारात आले. 2002 साली तिकडेच मूत्रपिंडाच्या विकाराची 38 कुत्री घेऊन एक अभ्यास प्रसिद्ध झाला. पथ्याच्या अन्नावरील कुत्र्यांच्या आयुष्याचा मध्यक 594 दिवस निघाला, नेहमीच्या अन्नावरील कुत्र्यांचा 188. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला यापुढे हिशेब समजावून सांगायला नको.

मग ज्याला पिशवी परवडत नाही त्याने काय करावे? घरी शिजवावे, पण मनाने नव्हे. 2012 साली अशा आजारासाठीच्या 67 घरगुती पाककृती तपासल्या गेल्या. गरजेची सर्व पोषकद्रव्ये पुरवणारी त्यांत एकही निघाली नाही. पांढरा भात आणि अंड्यातील पांढरे यांत फॉस्फरस कमी असतो, हाडांत, दुधात आणि पिवळ्या बलकात तो जास्त. एवढे समजले तरी प्रमाण आणि पूरक औषधे डॉक्टरांनीच ठरवावीत.

काही गोष्टींना मात्र दमडीही लागत नाही. स्वच्छ पाणी सदैव समोर ठेवावे. हाडे, लोणचे, फरसाण बंद करावे. आमटीतला कांदा-लसूण कुत्र्याच्या रक्ताला वाईट. आणि आपल्या भागात विशेष सांगायचे ते द्राक्षांविषयी. अथणी, तासगाव, विजयपूरची द्राक्षे आणि बेदाणे आपण कौतुकाने खातो. पण कुत्र्याची मूत्रपिंडे त्यांनी निकामी होऊ शकतात. त्यातील टार्टारिक आम्ल याला कारणीभूत असावे, असे 2021 पासून मानले जाऊ लागले. हेच आम्ल चिंचेतही भरपूर असते, तेव्हा चिंचेचे सारही नको.

माणसांना औषध मिळत नाही तिथे कुत्र्याचे लाड कशाला, असे कोणी म्हणेल. प्रश्न रास्त आहे. पण रात्रभर आपले शेत आणि घर राखणाऱ्या प्राण्याला म्हातारपणी वेदनेत सोडून वाचलेला पैसा कोणत्या माणसाच्या औषधाला जातो? शिवाय वरची बरीचशी पथ्ये फुकटची आहेत. उणीव आहे ती माहितीची.

याच कर्नाटकात मुधोळजवळ तिम्मापूरला श्वान संशोधन केंद्र आहे. 2005 साली मुधोळ कुत्र्यावर टपाल तिकीट निघाले. अभिमान आपल्याकडे पुष्कळ आहे. त्याच्या जोडीला प्रत्येक सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या भिंतीवर मराठी व कन्नडमध्ये एक पानाचा पथ्यतक्ता लागावा, एवढीच माझी सूचना. भाषांतराला फार कष्ट पडणार नाहीत. ‘आहार’ आणि ‘मूत्रपिंड’ हे शब्द दोन्ही भाषांत एकच आहेत. हे काम आपल्या महाविद्यालयातील दोन्ही विभागांचे विद्यार्थी, डॉक्टरांकडून तपासून घेऊन, एका रविवारात करू शकतील.