मानेची भोवळ आणि मेंदूचे चित्र

मान वळविताच भोवळ आली की दोष मानेला दिला जातो. मानेच्या मणक्यांतील छिद्रांतून दोन धमन्या वर जातात व लहान मेंदूला रक्त पुरवितात. त्यामुळे हा तर्क सहज पटतो. परंतु तर्क म्हणजे पुरावा नव्हे.

टेक्नेशियम-९९एम या किरणोत्सर्गी मूलद्रव्याचे संयुग शिरेतून दिल्यास मेंदूतील रक्तप्रवाहाचे चित्र घेता येते. मात्र ते चित्र संयुग देतेवेळचा प्रवाह दाखविते, भोवळीच्या क्षणाचा नव्हे. प्रवाह कमी दिसला, तरी त्याचे कारण मानच, हे त्यावरून ठरत नाही. समवयस्क निरोगी माणसांशी तुलना केल्यावाचून त्या चित्राला अर्थ नाही. संशोधनात त्याचे मोल आहे. निदानाची पहिली पायरी ते नव्हे.

कानातील सूक्ष्म स्फटिक जागचे सुटल्यानेही डोके हलविताच घेरी येते. डिक्स व हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये वर्णिलेल्या परीक्षेने ते ओळखता येते. तीस खाट आणि जाणता वैद्य पुरेत. अभनपूरच्या शेतमजुरास मोठ्या तपासणीसाठी रायपूर गाठणे म्हणजे सुमारे ३० किलोमीटरचा प्रवास व बुडालेला रोज. म्हणून साधी परीक्षा आधी व्हावी, हेच न्याय्य. मात्र भोवळीसोबत वाचा अडखळली किंवा एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, तर क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.