इंजिन फिरते, पण पेटत नाही

आर्वी तालुक्यातील रोहणा हे पुलगाव-आर्वी मार्गावरचे गाव. १९१७ साली या मार्गावर अरुंद रुळांची रेल्वे सुरू झाली आणि रोहण्यालाही स्थानक मिळाले. ती रेल्वे बंद पडून आता बराच काळ लोटला. कापूस, सोयाबीन, तूर आणि दुकानाचा किराणा असे सारे रस्त्यानेच जाते-येते. अशा गावात दिवाळीनंतरच्या एखाद्या पहाटे माल भरलेल्या गाडीची किल्ली फिरवावी, सेल्फ घुर्र घुर्र फिरावा आणि इंजिन मात्र पेटू नये, म्हणजे काय होते हे व्यापारी कुटुंबांना वेगळे सांगायला नको. बाजारातला लिलाव कोणासाठी थांबत नाही आणि हमालांची मजुरी द्यावीच लागते.

अशा वेळी चार माणसे जमतात आणि चार निदाने होतात. एकाच्या मते बॅटरी गेली, दुसऱ्याच्या मते प्लग, तिसऱ्याच्या मते पंप. मग एकेक सुटा भाग बदलला जातो आणि खर्च वाढत जातो. रोजमेळात फरक पडला तर हाच व्यापारी अंदाजाने एखादी रक्कम घालून मेळ बसवत नाही. फरकाला नऊने भाग जात असेल तर ५४ च्या जागी ४५ असे काही लिहिले गेले असावे, हे जुना मुनीम लगेच ताडतो. गाडीच्या बाबतीत मात्र ही शिस्त सुटते आणि उचंत खात्यात पैसे टाकावेत तसे नवे भाग गाडीत पडत राहतात.

वास्तविक सेल्फ फिरतो आहे, ही बातमी स्वतःच मोलाची आहे. सेल्फ इंजिन फिरवण्याचे काम करतो, पेटवण्याचे नव्हे. पेटण्यासाठी योग्य वेळी इंधन, पुरेशी दाबलेली हवा आणि पेट्रोलच्या गाडीत ठिणगी लागते. यांपैकी काय येत नाही, एवढेच शोधायचे असते. १९१२ साली कॅडिलॅक मोटारीत विजेचा सेल्फ आला. त्याआधी हँडल मारून इंजिन फिरवावे लागे आणि आतला दाब हाताला कळत असे. आता ते काम कानांना करावे लागते. नेहमीच्या ठेक्याने इंजिन फिरत असेल तर दाब बहुधा ठीक आहे. एरवीपेक्षा भरभर, अडथळा नसल्यासारखे सुसाट फिरत असेल, तर टायमिंग बेल्ट तुटल्याची शंका घ्यावी आणि सेल्फ पुन्हा मारू नये. मंद, कण्हल्यासारखे फिरत असेल तर बॅटरीकडे वळावे. पूर्ण भरलेली बॅटरी स्वस्थ असताना सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ मारताना ती साडेनऊच्या खाली घसरत असेल, तर सेल्फ कसाबसा फिरतो, पण इंजिनच्या संगणकाला पुरेशी वीज मिळत नाही.

पेट्रोलच्या गाडीत पहिली परीक्षा फुकटची आहे. सेल्फ न मारता किल्ली केवळ 'ऑन'वर न्यावी आणि मागच्या आसनाजवळ कान द्यावा. टाकीतला पंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो. तो आवाज नसेल तर आधी फ्यूज आणि रिले पाहावेत, पंप त्यानंतर. वारंवार सेल्फ मारून पेट्रोलचा उग्र वास येऊ लागला असेल, तर प्लग भिजले आहेत. इंजेक्शनच्या बहुतेक गाड्यांत अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारला की इंधन थांबते आणि आतला ओलावा हवेने निघून जातो.

रोहण्यासारख्या गावात मालवाहतूक मुख्यतः डिझेलवर चालते आणि तिथे सारा विचार बदलतो. रुडॉल्फ डिझेल यांच्या ज्या इंजिनने १८९७ साली ऑग्सबुर्ग येथे यशस्वी चाचणी दिली, त्यात ठिणगी नव्हतीच. हवा इतकी दाबायची की तिच्या उष्णतेनेच इंधन पेटावे. म्हणून डिझेलच्या गाडीत प्लगच्या ठिणगीची चर्चा करणारा मेकॅनिक सापडला तर त्याला नम्रपणे निरोप द्यावा. येथे धूर बोलतो. सेल्फ फिरताना सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल, तर डिझेल पोहोचते आहे, पण पेटत नाही. धूर मुळीच नसेल, तर ते पोहोचतच नाही. टाकी पार रिकामी झाली किंवा फिल्टर नुकताच बदलला असेल तर नळ्यांत हवा धरते. फिल्टरजवळच्या हातपंपाने ती काढावी लागते. जुन्या गाड्यांत इंजिन बंद करण्याची खेचायची मूठ असे. ती बाहेर ओढलेलीच राहिल्याने तासभर सेल्फ मारत बसलेले चालक काही कमी नव्हते.

एका सवयीबाबत मात्र सक्त राहावे. जुन्या यांत्रिक पंपाच्या गाडीत नोझलचे नट सैल करून हवा काढण्याची रीत होती. आजच्या कॉमन रेल इंजिनच्या नळ्यांत हजार बारहून अधिक दाब असतो. तिथे सैल केलेल्या नटातून उडालेली डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते आणि हात गमवावा लागू शकतो. गावातला मेकॅनिक कितीही अनुभवी असला तरी हे त्याला करू देऊ नये.

इंधन आणि दाब दोन्ही ठीक दिसत असतील तर विजेच्या बाजूला यावे. सेल्फ फिरत असताना आरपीएमचा काटा जागचा हलत नसेल, तर क्रँक सेन्सरवर संशय जातो. गाडी गरम झाल्यावर बंद पडते आणि निवल्यावर पुन्हा सुरू होते, ही तक्रारही त्याचीच असू शकते. किल्लीच्या चित्राचा दिवा मिणमिणत असेल तर चोरीप्रतिबंधक यंत्रणेने किल्ली ओळखलेली नाही. घरातली दुसरी किल्ली आणून पाहावी. स्कॅनरने दाखवलेला क्रमांक म्हणजे निकाल नव्हे. तो कुठल्या वाटेवर अडचण आहे ते सांगतो. दोष सेन्सरात आहे की तारेत, हे तपासावे लागते.

पावसाळ्यात नाला ओलांडताना गाडी बंद पडली असेल तर सेल्फला हातही लावू नये. आत पाणी शिरले असेल तर ते दबत नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. एरवीही सेल्फ एका वेळी दहा सेकंदांहून अधिक मारू नये आणि मध्ये अर्धा-एक मिनिट थांबावे.

चातुर्मासात अनेक जैन कुटुंबे प्रवासाला मर्यादा घालून घेतात आणि घरची गाडी आठवडेच्या आठवडे उभी राहते. कार्तिकी पौर्णिमेनंतर ती सुरू न होण्याचे कारण पुष्कळदा उंदीर असतो. गोदामाशेजारी उभ्या गाडीत धान्याचे रिकामे पोते राहिले की तो तिथे घर करतो आणि सेन्सरच्या तारा कुरतडतो. विष किंवा चिकटसापळा या घरांत वर्ज्यच. तेव्हा गाडी गोदामापासून दूर उभी करावी, आत दाणाही राहू देऊ नये, तारांवर जाळीचे वेष्टण चढवून घ्यावे आणि आठवड्यातून एकदा वीस मिनिटे गाडी चालवावी. निघण्यापूर्वी बोनेटवर दोन-तीन थापा माराव्यात. उबेला आत बसलेली खार किंवा मांजराचे पिल्लू तेवढ्यात बाहेर पडते.